बस येत नाही, आणि म्हणे कार्बन कमी करा

आमच्या दारव्हा-कारंजा पट्ट्यात बसची फेरी रद्द झाली की कोणी सांगत नाही. थांब्यावर ऊन खात उभं राहायचं. मग कोणीतरी ओरडतं, "नाई येत ना बाप्पा, चला काळीपिवळीत!" की कोंबलो आम्ही.

आणि वर उपदेश: सार्वजनिक वाहतूक वापरा, उत्सर्जन कमी करा. अरे, वापरायला ठेवा तर! बसचा भरवसा नाही म्हणून पोरानं हप्त्यावर फटफटी घेतली. मग प्रवासी नाहीत म्हणून आणखी एक फेरी बंद. मग शेजाऱ्यानंही फटफटी घेतली. याला नियोजन म्हणतात? मोजणी होते ती बसमध्ये बसलेल्यांची. वाट पाहून घरी परतलेली म्हातारी, जाण्यायेण्यापायी कॉलेज सोडलेली पोरगी कोणत्या तक्त्यात येते?

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भरलेल्या बसमध्ये तो चाळीस-पन्नास जणांत वाटला जातो. एवढं साधं गणित आहे. देशाला २०७० पर्यंत नेट झीरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून हिशेब शून्यावर, गाठायचंय म्हणे. आम्हाला दहापर्यंत तालुका गाठायचाय, तो आधी बघा.

यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे होती. रखडत का होईना, दारव्हा-कारंजा करत जायची. तीही बंद पडली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मात्र कारंज्याजवळून सुसाट गेलाय. त्यावर दुचाकीला बंदी. आणि आमच्याकडे आता दुचाकीच उरलीय!