आपले ग्रंथ, चीनने राखलेले

भारत आणि चीन म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक सीमेचा, दुसरा ‘आम्ही त्यांना बुद्ध दिला’ या अभिमानाचा. फार तर सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण ‘आम्ही दिलं’ हे मला दरवेळी खटकतं. चीननं जे नेलं ते किती निगुतीनं सांभाळलं आणि आपल्या हातून काय काय निसटलं, हे आपण बोलतच नाही.

अश्वघोषाचं ‘बुद्धचरित’ हे संस्कृत महाकाव्य घ्या. सर्ग 28, संस्कृतात त्यातले जेमतेम निम्मे उरलेत. बुद्धाचं महापरिनिर्वाण अश्वघोषानं कसं रंगवलं ते वाचायचं तर चिनी किंवा तिबेटी अनुवाद उघडावा लागतो. ध्यानमार्गावरचा ‘विमुत्तिमग्ग’ मूळ रूपात राहिलाच नाही. सहाव्या शतकात संघपाल या भिक्षूनं तो चिनीत आणला म्हणून आज तो पूर्ण वाचता येतो.

आणि हे फक्त बौद्ध ग्रंथांपुरतं नाही. ‘दशपदार्थशास्त्र’ हा वैशेषिक दर्शनाचा ग्रंथ, म्हणजे बौद्धांच्या प्रतिपक्षाचा. भारतात येऊन गेलेल्या ह्युएनत्संग या चिनी बौद्ध भिक्षूनं 648 साली त्याचं चिनी भाषांतर केलं. मूळ संस्कृत संहिता आज उपलब्ध नाही. ज्यांच्याशी वाद घालायचा त्यांचं म्हणणं आधी नीट, पूर्ण उतरवून घ्यायचं, ही केवढी मोठी वृत्ती!

हा ह्युएनत्संग 645 साली मायदेशी परतला तेव्हा त्याच्यासोबत 657 ग्रंथ होते. पुढची एकोणीस वर्षं, मरेपर्यंत, तो भाषांतरच करत राहिला आणि 75 ग्रंथ पुरे केले. काम एकट्याचं नव्हे. मुख्य आचार्य मूळ वाचून अर्थ उलगडायचा, कुणी तो चिनीत लिहून घ्यायचा, कुणी मूळाशी ताडून पाहायचा, कुणी भाषेवर शेवटचा हात फिरवायचा. राजाश्रय होता, शिस्त होती. शिवाय कोणता ग्रंथ कुणी, कुठे, कधी अनुवादला याच्या याद्या ठेवल्या जायच्या. आपल्या कितीतरी ग्रंथांचा काळ ठरवताना आजचे अभ्यासक याच चिनी नोंदींचा आधार घेतात. आपल्याकडे ग्रंथकर्त्याचं शतक ठरवताना मारामार, आणि तिकडे अनुवादाचं सालसुद्धा लिहून ठेवलेलं.

महाराष्ट्र तर चीनचं वेगळंच देणं लागतो. 641च्या सुमारास ह्युएनत्संग दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान सोसत नाहीत, सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला तसं कळवतात, असं त्यानं नोंदवलं आहे. हर्षालाही हे राज्य नमवता आलं नाही, हेही लिहिलं आहे. पूर्व सीमेवरच्या डोंगरातला एक विहार, तो अचल नावाच्या अर्हतानं, म्हणजे मुक्तीला पोचलेल्या भिक्षूनं, उभारला, दाराशी दोन बाजूंना दोन दगडी हत्ती, असं वर्णन तो करतो. हा विहार म्हणजे अजिंठा, असं मानलं जातं. 26 क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर (ज्येष्ठ भिक्षू) अचलाचं नाव आहे. आणि 16 क्रमांकाच्या लेण्याकडे चढताना दाराशी ते दोन हत्ती आजही आहेत. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर चित्रांकडे धावण्याआधी तिथे जरा थांबा.

हे सगळं ओळखलेले लोक आपल्या पुण्यात होते, याचा मला फार अभिमान वाटतो. धर्मानंद कोसंबींचे शिष्य पु. वि. बापट चिनी शिकले आणि 1937 साली त्यांनी चिनीतला ‘विमुत्तिमग्ग’ ध्यानमार्गावरच्याच पालीतल्या ‘विसुद्धिमग्ग’शी ओळीनं ताडून दाखवला. पुढे अकिरा हिराकावा या जपानी पंडितासोबत त्यांनी विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या, अट्ठकथेचं (टीकेचं) चिनी रूप इंग्रजीत आणलं, ते 1970 साली भांडारकर संस्थेनं छापलं. वा. वि. गोखल्यांनी त्याआधीच, 1930 साली, बौद्ध तत्त्वज्ञ आर्यदेवाच्या नावावरचं ‘अक्षरशतक’ चिनी आणि तिबेटीवरून अभ्यासून जर्मनीत प्रसिद्ध केलं होतं. इंटरनेट नाही, फोटोकॉपी नाही, तेव्हाची ही गोष्ट.

म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्याकडे संस्कृत किंवा पालीत एम.ए. करणाऱ्याला प्राचीन चिनी शिकायची सोय हवी, आणि त्यासाठी चांगली शिष्यवृत्ती हवी. पुण्या-मुंबईत कंपन्यांतल्या नोकरीसाठी चिनी शिकणारी हुशार मुलं आहेत. त्यांच्यातली दोन-चार जरी इकडे वळली तरी पुष्कळ होईल. सुरुवात ह्युएनत्संगाच्या महाराष्ट्रावरच्या प्रकरणापासून करता येईल. ते लहानसंच आहे. इंग्रजीच्या आडवळणानं नाही, मूळ चिनीवरून थेट मराठीत यावं, सोबत टिपा असाव्यात. चिनी जाणणारा एक आणि संस्कृत जाणणारा एक, अशी जोडी जमली की काम सुरू होईल. अशी जोडी कुणाच्या माहितीत असेल तर मला कळवा. छपाईच्या खर्चाला हातभार लावायला मी तयार आहे.