कोंड्याच्या डब्यातले मित्रकोळी: फिरत्या मेसेजला उत्तर

शिरोळ-हातकणंगले भागातल्या पॉलीहाऊसवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) खाणारे मित्रकोळी विकत कशाला घेता? डब्यात गव्हाचा कोंडा घाला, घरीच पाळा. एकदा सोडले की कायमचं काम झालं, फवारणीही चालू राहू दे. उसाचा लोकरी मावा असाच गेला की!

आधी माव्याचं. २००२ साली आलेला मावा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी आटोक्यात आणला, हे खरंच. पण तिथं नजर जाईल तिथवर ऊस. या फडातला मावा संपला तर पलीकडच्या फडात त्यांना खायला होतंच. दहा-वीस गुंठ्यांच्या पॉलीहाऊसला तो हिशेब लागू होत नाही.

कोंड्याचा डबा ही अर्धी गोष्ट. कुकुमेरिस जातीचे मित्रकोळी कोंड्यातल्या बारीक कोळ्यांवर वाढवतात, पण ते सोडायचे फुलकिडे (थ्रिप्स) या वेगळ्याच किडीच्या पिल्लांवर. जरबेऱ्याच्या फुलझाडांवर लाल कोळ्याची जाळी धरली असेल तर गडी वेगळा लागतो: फायटोसियुलस परसिमिलिस. हा १९५८ च्या सुमारास चिलीहून ऑर्किडच्या झाडांबरोबर चुकून जर्मनीत पोचला आणि तिथून जगभर गेला. याला कोंडा चालत नाही. जिवंत लाल कोळीच हवा, आणि लाल कोळ्याला घेवड्याची हिरवी पानं. म्हणजे जागा तीन, आणि एकमेकींपासून लांब: एकीत नुसता घेवडा, दुसरीत घेवड्यावर लाल कोळी, तिसरीत दोघांवर मित्रकोळी. सकाळी घेवड्यापासून सुरुवात करायची, शेवटी मित्रकोळ्यांकडे जायचं. तिथून त्या दिवशी परत फिरायचं नाही. कारण कपड्यांवरून चार मित्रकोळी दुसऱ्या खोलीत गेले तर ते लाल कोळ्याचं सगळं बियाणंच फस्त करतात. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही.

ओळखायचं कसं, तेही नाही. पान उलटं करून भिंगातून बघा. अंगावर दोन काळे ठिपके, जाळीत संथ बसलेला तो लाल कोळी. नारिंगी, थेंबाच्या आकाराचा, सारखा पळणारा तो आपला. त्याला डोळे नसतात, वासावर आणि स्पर्शावर शिकार शोधतो. लाल कोळ्याची अंडी गोल, याची लांबट आणि मोठी.

“एकदा सोडले की कायमचं” हेही चूक. लाल कोळी संपला की परसिमिलिस उपाशी मरतो किंवा निघून जातो. लाल कोळी पुन्हा दिसला की मित्रकोळी पुन्हा सोडायचे. शिवाय त्याच्या अंड्यांना दमटपणा लागतो, एप्रिलच्या कोरड्या दुपारी ती सुकतात. तेव्हा फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारं यंत्र) बंद ठेवून चालत नाही.

राहिली फवारणी. अबामेक्टिन हे औषध लाल कोळ्याला मारतं, ते याला कसं सोडेल? सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक तर आणखी वाईट: त्याचा अंश पानावर कित्येक आठवडे राहतो, मित्र मरतात आणि लाल कोळी उलट भडकतो. मित्रकोळी मागवण्याआधी गेल्या दोन महिन्यांची फवारणीची वही काढा आणि देणाऱ्याला दाखवा.