थर्मोकपल खरंच बोलत होतं

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लॅश ड्रायर (छापलेल्या शर्टावरची शाई तापलेल्या पॅनलने सुकवणारं यंत्र) सेट केलेल्या तापमानावर थांबत नाही, चढतच राहतो. माझा लेख वाचून तुम्ही थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बदललं, तर आता आकडा पूर्वीपेक्षाही वर जातोय. एसएसआर (हीटरची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले) मल्टिमीटरवर ठीक निघाला, म्हणून मेकॅनिक कंट्रोलर (तापमान बघून एसएसआरला हुकूम देणारा) बदला म्हणतोय. आणि 'अंदाजपंचे सल्ले देऊन लोकांचे पैसे घालवू नका.'

पैशांचं मान्य. 'आधी थर्मोकपल बघा' हे मी सरसकट लिहायला नको होतं. आकडा उड्या मारत असेल, किंवा पॅनल तापताना उलट खाली येत असेल (वायरी उलट्या जोडल्या की असंच होतं), तर ते बरोबर. पण तुमचं पॅनल खरोखरच तापत होतं आणि डिस्प्ले तेच सांगत होता. थर्मोकपल बिचारं आपलं काम करत होतं.

एसएसआर 'ठीक' निघाला, यावर मात्र मी वाद घालणार. तो काढून, टेबलावर, थंड असताना तपासलात ना? एसएसआर बिघडला की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, आणि काही नग गरम झाल्यावरच अडकतात. त्याच्यातून १५ अँपिअर जात असतील तर तो स्वतःच १५ ते २० वॉट उष्णता सोडतो. त्यात ड्रायरची पेटी तापलेल्या पॅनलच्या शेजारी, हीटसिंकवर (एसएसआरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर) धाग्यांची धूळ. थंड असताना शहाणा, तापला की हट्टी.

म्हणून तो जागेवरच तपासायचा. तापमान सेटिंगच्या वर गेलं की कंट्रोलरवरचा आउटपुटचा दिवा बघा. दिवा विझलेला असताना हीटरच्या एकाच वायरीभोवती क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारं) धरा. करंट तसाच वाहत असेल तर एसएसआर गेला; त्याजागी कॉन्टॅक्टर (चुंबकाने चालणारा स्विच) असेल तर त्याचे पॉइंट चिकटलेत. दिवाच विझत नसेल तर मेकॅनिकचं खरं. तेव्हा मी मुकाट्याने ऐकेन.

आता नव्या थर्मोकपलवर आकडा आणखी वर का गेला? तुम्ही लिहिलंय, 'के काय नि जे काय, दोन तारा जोडायच्या, फरक पडत नाही.' के आणि जे हे थर्मोकपलचे दोन प्रकार, आणि फरक पडतो. जे टाइप तितक्याच उष्णतेला जास्त मिलिव्होल्ट देतं. कंट्रोलर के वर सेट आणि सेन्सर जे असेल, तर खऱ्या २०० अंशांना डिस्प्ले २६० च्या आसपास दाखवतो. उलटं झालं तर जास्त वाईट: खरे २०० आणि दिसतात जेमतेम १५५-१६०. शर्ट करपतो आणि आकडा साळसूद. गंमत म्हणजे मशीन थंड असताना दोन्ही टाइप खोलीचंच तापमान दाखवतात, त्यामुळे जोडल्याजोडल्या सगळं बरोबर वाटतं. नव्या सेन्सरच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघा, आणि कंट्रोलरच्या मेन्यूत इनपुट टाइप त्याच्याशी जुळवा.

म्हणजे माझ्या अंदाजाने तुमच्याकडे दोन दोष आहेत. एक जुना, आणि एक माझ्या सल्ल्याने आलेला.

शाई चिकट होते म्हणालात, त्याला कंट्रोलर जबाबदार असेलच असं नाही. वीसेक शर्टांनंतर पॅलेटच (शर्ट ज्यावर चढवतो ती पाटी) गरम झालेली असते आणि त्यावर फ्लॅशची तीच वेळ जास्त होते. सेकंद कमी करून बघा.

वायरिंगला हात लावताना मेन एमसीबी पाडा. एसएसआर एकच तार तोडतो, त्यामुळे दिवा विझला तरी एलिमेंटवर वीज असू शकते. मूळ लेखातलं 'आधी थर्मोकपल बघा' हे वाक्य आज बदलतोय. दिवा आणि करंट यांचं काय दिसलं ते कळवा, कंट्रोलरची ऑर्डर तोवर थांबवा.