लाल नटांचं ॲव्हरेज

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला, त्यातले तिघं दुकानातलेच गिऱ्हाईक. मजकूर थोडक्यात असा: "चाकांचे लोखंडी नट काढा, ॲल्युमिनियमचे बसवा. चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले दहा किलो. लिटरमागे दोन किलोमीटर ॲव्हरेज वाढतं. पोर्शेला हेच असतात. आणि टायर ट्यूबलेस असेल तर स्टेपनीही काढून टाका." जालन्यात माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, दिवसभर नटच खोलतो, म्हणून हे लिहितोय.

आधी वजन. काट्यावर ठेवून बघितलं: लोखंडी नट ५० ग्रॅमच्या आसपास, ॲल्युमिनियमचा २०. चाकाला चार, गाडीला १६. वाचले ४८० ग्रॅम. इथून संभाजीनगर ६० किलोमीटर. लिटरला २० देणारी गाडी तिथे पोचेपर्यंत तीन लिटर पेट्रोल जाळते, म्हणजे दोन किलोंहून जास्त हलकी होते. त्याने परतीला ॲव्हरेज वाढल्याचं कुणी सांगितलंय? ९०० किलोच्या गाडीत अर्धा किलो म्हणजे लिटरमागे फार तर दहा-अकरा मीटर.

"एकाचे दहा" हाही हिशेब चुकीचा. फिरणारं वजन मध्यापासून लांब असेल तितकं फिरवायला जड, आणि ते अंतराच्या वर्गाने वाढतं. टायरच्या कडेचा एक किलो वेग घेताना दोन किलोंसारखा वागतो. नट मध्यापासून पाच सेंटीमीटरवर; तिथला किलो जेमतेम एक किलो तीस ग्रॅमसारखा. चाक हलकं असलं तर खड्ड्यात सस्पेन्शनला बरं पडतं, हे खरंय. पण चाकामागे १२० ग्रॅमने नाही.

आता खरा मुद्दा, जो मेसेजात नाहीच. चाक नटांवर लटकलेलं असतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. नट आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बोल्ट, किंचित ताणला जातो आणि डिस्क (टायर बसतो ती चाकाची थाळी) हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागावर, दाबून धरतो. १२ मिलीमीटरच्या स्टडवर १०० न्यूटन-मीटर टॉर्कने (टॉर्क म्हणजे आवळताना लावलेला पीळ) आवळलेला एक नट चार टनांच्या आसपास दाब देतो. चाक टिकतं त्या दाबातल्या घर्षणावर. दाब गेला की चाक हबवर हलायला लागतं आणि स्टड वाकून वाकून तुटतो. हा सगळा ताण नटाच्या चार-पाच आट्यांवर असतो, आणि ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ. पंक्चरवाल्याच्या नट आवळायच्या गनने दोन-चार वेळा आवळला की आटे झिजतात. ब्रेकची उष्णता हबमधून नटापर्यंत येते, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं.

पोर्शेचं मात्र खरं आहे. त्यांच्या जुन्या ९११ या गाडीला कंपनीच ॲल्युमिनियमचे नट द्यायची. पण तिथे स्टड १४ मिलीमीटरचा, नटाची बैठक त्याच चाकासाठी घडवलेली, टॉर्क १३० न्यूटन-मीटर ठरलेला. आपल्याकडे मारुतीच्या आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिलीमीटर, ह्युंदाईची १.५, आणि ऑनलाइन आलेल्या पाकिटावर फक्त "युनिव्हर्सल".

मागच्या महिन्यात अंबडकडची एक पांढरी हॅचबॅक आली. "भाऊ, साठच्या पुढे डावीकडून टकटक येतंय." पुढच्या डाव्या चाकाला ॲल्युमिनियमचे चार लाल नट. दोन हाताने फिरले. तिसरा पान्याने खोलला तर चांदीच्या तारेसारखी एक पिळदार तार स्टडला गुंडाळून बाहेर आली. ते नटाचे आटे होते. डिस्कची भोकंही लंबगोल व्हायला लागली होती. याच गाडीने तो आदल्या आठवड्यात समृद्धीवरून नागपूरला जाऊन आला होता.

स्टेपनीबद्दल थोडंच. २०२० च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल तर कार कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. मेसेजात पुढच्या दोन अटी गाळल्यात. शिवाय किट टायरच्या तळव्यातल्या खिळ्यापुरतं. बाजूची भिंत दगडाने फाटली तर ते काही कामाचं नाही. रात्री अकराला वडीगोद्रीच्या पुढे कुणाला फोन करणार? गंमत म्हणजे या मेसेजातलं खरंखुरं वजन स्टेपनीचंच, बारा-पंधरा किलो.

हलकं चाक हवंच असेल तर डिस्क आणि टायर बघा. मोठ्या मापाचं अलॉय बऱ्याचदा मूळ लोखंडी डिस्कपेक्षा जड निघतं, म्हणून घेण्याआधी वजन करा. नट कंपनीच्या मापाचे, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

त्या अंबडच्या गाडीला १६ लोखंडी नट आणि चार नवे स्टड टाकले. लाल नट फेकायला त्याचा जीव होईना, पिशवीत घालून डिकीत ठेवले. लाल नट बसवण्याआधी गाडी होती त्याहून तीनशे ग्रॅम जड होऊन गेली.