भूत सारखं ओरडत नसतं हो!

आत्ताच घरी आले. डोकं ठणकतंय. भाचरांना घेऊन एस्केप रूमला गेले होते (खोलीत कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवून वेळेत बाहेर पडायचं), ती ‘जिवंत भूत’वाली, म्हणजे आत भूत बनलेला माणूस. माणशी किती गेले ते लिहीत नाही, नवरा माझ्या पोस्ट वाचतो.

६० मिनिटांचा खेळ. त्यातली पन्नास मिनिटं भूत आमच्या कानाशी किंचाळत होतं. कुलपाचा आकडा भिंतीवर, टॉर्च एकच, आणि हा बाबा टॉर्चसमोर नाचतोय! कोडं वाचायचं कधी? पहिल्या किंकाळीला आम्ही दचकलो, दुसरीला हसलो, तिसरीला भाचा म्हणाला, "मावशी, याला पाणी दे गं." शेवटी त्याने धाकटीचा दंड धरला. ती रडली, आणि माझं टाळकं सटकलं. हात लावायचा की नाही, हे आत सोडण्याआधी विचारायला नको?

इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात लाइट गेले की नानाकाका गुपचूप माडीवर जाऊन बसायचे. पाट दोनदा सरकवायचे. खर्र... खर्र. मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’त आम्ही सात जण एका गोधडीत!

२००७ साली क्योटोत हा खेळ सुरू झाला तो कोड्यांचा म्हणून. भूत मागाहून आलं. आलं तर आलं, पण कोड्याच्या कामी तरी यावं ना! किल्ली असेल त्या कोपऱ्यात पाठमोरं बसावं. आपण श्वास धरून त्याच्या मागून हात घालायचा, आणि त्याने मान एवढीशी वळवायची. बस्स.

एखादी किंकाळी हवीच, मान्य. एखादी.

नानाकाकांचं लक्ष आमच्याकडे असायचं. कोणी मुसमुसायला लागलं की वरून त्यांचा तो ओळखीचा खोकला. लगेच सगळ्यांच्या जिवात जीव.

बाहेर जिन्यात ते भूत भेटलं. एकोणीस-वीसचं पोरगं, विग मांडीवर. मी पदर खोचूनच गेले होते. "सॉरी बेन," म्हणाला, आवाज पार बसलेला. दिवसातला सातवा शो. मालक कॅमेऱ्यात बघत बसतो, जरा शांत झालं की कानात सुरू, "जोरथी! जोरथी!" काय बोलणार त्याला? पाण्याची बाटली दिली. मालकाला मात्र उद्या फोन करणारच.

अलकापुरीच्या सिग्नलला धाकटीने विचारलं, "मावशी, नानाआजोबा खोकायचे कसे?"

खोकून दाखवलं. शेजारचा रिक्षावाला बघतच राहिला.