अ‍ॅडव्हान्स घेऊन पळालो नाही, भिंत वाळायची वाट पाहत होतो

दादा, नमस्कार.

तुम्ही आम्हाला एक स्टार देऊन लिहिलं आहे की, "अ‍ॅडव्हान्स घेऊन पेंटर पंधरा दिवस गायब झाला, ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, फोन उचलत नाही, दर्यापूरवाल्यांनो सावध राहा." मी वाचलं. घरच्यांनीही वाचलं.

आधी माफी मागतो. बहिणीच्या साखरपुड्याला पाहुणे आले तेव्हा मागची नवी खोली तशीच कोरी होती, प्लास्टर दिसत होतं. लग्नकार्याच्या घरी असं व्हायला नको होतं. तुम्हाला पाहुण्यांसमोर ओशाळं वाटलं असेल, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. समोरच्या सगळ्या खोल्या, ओसरी आणि दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट त्याआधी पूर्ण झाला होता, हे तुमच्या लिहिण्यात नाही. असो.

पण "अ‍ॅडव्हान्स घेऊन गायब" हे मनाला फार लागलं. आमच्या धंद्यात जाहिरात नसते. एका घरचा रंग पाहून शेजारचा बोलावतो, त्याच्या सोयऱ्याच्या गावी पुढचं काम मिळतं. सोबत चार पोरं रोजीनं आहेत, त्यांची घरंही यावरच चालतात. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो, राग मानू नका.

तुम्ही पुण्याला असता, भिंत तुम्ही फोटोत पाहिली. मी ती हात लावून पाहिली होती. आपलं गाव खारपाणपट्ट्यात येतं, हे तुम्हाला सांगायला नको. पूर्णेच्या काठानं अमरावती, अकोला, बुलढाणा असा हा पट्टा पसरला आहे, जमिनीखालचं पाणी खारट. मागची खोली बांधताना मिस्त्रीनं प्लास्टरवर पाणी मारलं ते बोअरचं. त्याला दोष देत नाही, नळाचं पाणी किती दिवसांआड येतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. प्यायचं पाणी भिंतीवर कोण ओतणार? पण ते खारं पाणी प्लास्टरमध्ये मुरतं. ऊन लागलं की पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन उडून जातं आणि खार मागं राहतो. तुमच्या खोलीत जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत खाराची पांढरी लव आली होती, तिलाच आम्ही लोणा म्हणतो. तळवा फिरवला की हाताला पीठ लागावं तशी ती लागायची, आणि जिभेला लावली तर चक्क खारट. याच लोण्यावर पुट्टी मारली असती, तर तो आतून वाढत राहिला असता आणि पहिल्याच पावसाळ्यात पुट्टीचे पापुद्रे जमिनीवर पडले असते.

कोणी म्हणेल, पुट्टी मारताना भिंतीवर पाणी मारतातच की. मारतात, वरवर शिंपडतात, पुट्टी धरावी म्हणून. वरून शिंपडलेली भिंत वेगळी आणि आतून ओली भिंत वेगळी.

मी नुसतं डोळ्यानं पाहून काम थांबवलं नाही. खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक असतं, त्याचा हातभर तुकडा कापला आणि चारही बाजूंनी टेप मारून भिंतीवर घट्ट चिकटवला. हे काकाजींच्या, म्हणजे तुमच्या बाबांच्या, समोर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. काकाजींनी स्वतः बोट लावून पाहिलं. म्हणाले, "वाळू दे ना मंग, घाई कायची हाय?" त्यांची परवानगी घेऊनच मी पोरांना दुसरीकडे नेलं. नवं प्लास्टर कमीत कमी 28 दिवस तरी ठेवावं, हे रंगाच्या कंपन्याच सांगतात, आणि खाऱ्या पाण्याचं असेल तर त्याहून जास्त. तुमचं प्लास्टर तेवढं जुनं झालंच नव्हतं.

त्या दिवसांत मी दुसऱ्या गावी काम करत होतो हे खरं आहे, नाकारत नाही. भिंत वाळेपर्यंत पोरांना घरी बसवलं तर त्यांची रोजी कोण देणार? आमचा सीझन लग्नसराईचा आणि दिवाळीआधीचा. पेरणी लागली की हीच पोरं शेतात जातात. मे महिन्यात तर बाहेरच्या भिंतीवर सकाळी लवकर जेवढं होईल तेवढंच काम होतं, कारण तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे दिसतात.

आणि अ‍ॅडव्हान्सचं म्हणाल, तर तो माझ्या खिशात नव्हता. त्याची पुट्टीची पोती आणि प्रायमरच्या बादल्या आणल्या होत्या, दुकानाचं पक्कं बिल काकाजींच्या हातात दिलं होतं. 40 किलोची पोती तुमच्या ओसरीत होती, 20 लिटरच्या बादल्या सील न फोडता तिथंच होत्या, माझी शिडी तुमच्या अंगणात होती. दादा, पळून जाणारा माणूस शिडी ठेवून जाईल का? मी मधून मधून येऊन लोणा कोरड्या ब्रशनं झाडत होतो. पाण्यानं धुवायचा नसतो, धुतला की विरघळून परत आत जातो. काकाजी घरी होते, त्यांना विचारा.

तुम्ही रोज संध्याकाळी फोन करत होता. तेव्हा मी बहुतेक शिडीवर असायचो, हात पुट्टीनं भरलेले, म्हणून दर वेळी फोन उचलता आला नाही. तुम्ही सुपरवायझरला बोलावं तसं बोलत होता, तेही मी ऐकून घेतलं, कारण लग्नघरची काळजी कळते. पण भिंत ओली आहे असं मी सांगितलं की तुम्ही म्हणायचे, "कारणं सांगू नका, मारून टाका." मारून टाकता आलं असतं. साखरपुड्याला खोली लखलखीत दिसली असती, माझे पैसेही वेळेत सुटले असते, आणि श्रावणात पापुद्रे निघाले असते तेव्हा खरोखरच फोन न उचलायची वेळ माझ्यावर आली असती.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ठरलं तेव्हा रंग फिका होता. नंतर तुम्ही समोरच्या भिंतीसाठी गडद मरून कळवला. गडद शेड महाग पडते आणि दोन हातांत भरत नाही, तिसरा हात लागतो. नव्या खोलीला खाराला टिकणारा प्रायमर वापरला, तो साध्यापेक्षा महाग. वाढलेले पैसे एवढेच आहेत, मजुरीचा दर फुटामागे जो ठरला होता तोच लावला.

आमचे वडील चुना मारायचे, पोळ्याच्या नि दिवाळीच्या आधी, नीळ घालून. मातीच्या भिंती होत्या, पोतारा असायचा, चुन्यातून भिंतीची ओल बाहेर निघून जायची, दरवर्षी नवा हात मारला की झालं. आता सिमेंटच्या भिंतीवर प्लास्टिकसारखा थर बसतो, आत राहिलेली ओल रंग फोडूनच बाहेर येते. म्हणून आज थांबणं जास्त महत्त्वाचं झालं आहे, आणि नेमकी थांबायलाच कोणाला सवड नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगतो. मला काम द्या न द्या, पण खारपाणपट्ट्यात नवं घर असेल आणि कोणी म्हणत असेल की प्लास्टर झाल्यावर आठ दिवसांत रंग पूर्ण करून देतो, तर त्याला आधी विचारा की भिंतीला पाणी कुठलं मारलं होतं. ज्यानं हा प्रश्न स्वतःहून विचारला तो माणूस कामाचा. त्यानं गेल्या महिन्यात केलेलं घर पाहू नका, तेव्हा सगळ्यांचंच चांगलं दिसतं. दोन-तीन पावसाळे काढलेलं घर पाहा, तेही खाली जमिनीलगत आणि संडास-बाथरूमच्या मागच्या भिंतीला. पुट्टीचे किती हात, प्रायमर आहे की नाही, रंगाचे किती हात, हे कागदावर घ्या. बादली तुमच्यासमोर फोडायला सांगा. बादलीत पेंटरचं टोकन, म्हणजे कंपनीचं बक्षिसाचं कूपन निघतं, ते पेंटरलाच मिळतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पाणी जास्त घालून दोन बादल्यांचं काम एकीत उरकणारे आहेत, तिकडे लक्ष ठेवा. आणि काळ्या मातीत घर उन्हाळ्यात थोडं चिरतंच, ती चीर भरून पुढच्या वर्षी परत दिसली तर दर वेळी पेंटरचा दोष नसतो.

यापुढे आम्हीही काम मध्येच थांबवायचं असेल तर घरमालकाला तसं लिहून देऊ, आणि बाहेरगावी राहणाऱ्या मुलांना मोबाईलवर फोटो पाठवत जाऊ. माझा मुलगा ते पाहील. फोनचंही काहीतरी करतो.

तुमची मागची खोली आता रंगून झाली आहे. पावसाळा सरला की मी स्वतः येऊन खालचा गुडघाभर भाग तपासून जाईन. कुठं फुगलं असेल तर दुरुस्ती माझ्याकडून, साहित्यासकट. तुम्ही दिवाळीला गावी आलात तर तुमच्यासमोर भिंतीला हात लावून पाहू.

स्टार एकच ठेवायचा तर ठेवा, तुमचा हक्क आहे. साखरपुड्याला खोली झाली नाही, हेही लिहिलेलं राहू द्या. फक्त काकाजींशी एकदा बोला, आणि मग मी पैसे घेऊन पळालो असं तुम्हाला वाटलं नाही, तर ते एक वाक्य काढून टाका, एवढी विनंती आहे.

आपला,
पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर, दर्यापूर