कोविडच्या वर्षात संघटनांनी जावक क्रमांकासाठी भांडायला हवं होतं

2020-21 या वर्षात नागपुरातल्या शिक्षक संघटनांनी निवेदनं भरपूर दिली. माझं मत स्पष्ट आहे: त्यातली निम्मी ताकद एकाच मागणीवर लागायला हवी होती. कोविडची ड्युटी द्या, पण जावक क्रमांक (कार्यालयाच्या नोंदवहीतला पत्राचा क्रमांक) असलेला नावाचा लेखी आदेश हातात द्या.

'कोविड ड्युटी रद्द करा' ही मागणी कायद्यापुढे टिकणारी नव्हतीच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून सोडवतं, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही तीन कामं वगळून. कोविडचे आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चा आधार घेऊन निघत होते आणि नकार दिला तर त्याच कायद्याचं कलम 51 अंगावर येत होतं. नाही म्हणायची वाट बंद होती. अटी घालायची वाट मात्र उघडी होती.

अट कशाची, ते 29 मे 2020 च्या शासन निर्णयात आहे. कोविडच्या कामावर असताना कोविडने मृत्यू झाला तर कुटुंबाला 50 लाखांचं सानुग्रह सहाय्य. पण मृत व्यक्ती रुग्णालयात भरती होण्याआधीच्या किंवा मृत्यूआधीच्या 14 दिवसांत कर्तव्यावर हजर होती, हे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करायला हवं होतं. अख्खा प्रस्ताव या एका प्रमाणपत्रावर उभा राहायचा.

आता ड्युटी कशा लागायच्या ते आठवा. मुख्याध्यापकांना फोन, मग ग्रुपवर मेसेज: उद्या सकाळी अमुक वस्तीत सर्वेक्षणाला हजर राहा. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत एका पथकाकडे दिवसाला 50 घरं. घरोघरी ताप मोजायचा, ऑक्सिमीटर लावायचा, नोंद करायची. तीन आठवडे असं फिरलेल्या मॅडमकडे कागद कोणता? ग्रुपवरचा मेसेज. त्यावर ना नाव, ना सही.

आदेशात काय हवं होतं? जावक क्रमांक आणि दिनांक, सेवापुस्तकात (नोकरीच्या अधिकृत नोंदवहीत) आहे तसंच पूर्ण नाव, पदनाम, शाळेचा यूडायस (सरकारी ओळख) क्रमांक, कामाचं स्वरूप, ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत, सही आणि शिक्का. सोबत रुजू अहवालाची पोच आणि काम संपल्यावर कार्यमुक्तीचं पत्र. मुदत संपूनही काम सुरूच राहिलं तर मुदतवाढीचा वेगळा आदेश, कारण नेमक्या त्याच मधल्या दिवसांत संसर्ग झाला तर कागदावर तो माणूस ड्युटीवर नसतोच.

14 दिवसांचं गणित तर फार थोड्यांनी समजावून सांगितलं. एप्रिल 2021 मध्ये नागपुरात खाट मिळत नव्हती. माणसं घरीच औषध घेत थांबली, श्वास लागल्यावर धावाधाव करून भरती झाली. दिवस मोजायचे ते भरतीपासून मागे. घरी काढलेले सात-आठ दिवस त्यातूनच वजा. म्हणून ताप आला त्याच दिवशी ड्युटीच्या ठिकाणी लेखी अर्ज आणि त्याची पोच हवी होती. अंगात ताप असलेल्या माणसाला हे सुचणार नाही. तालुका शाखेच्या पदाधिकाऱ्याने घरी जाऊन अर्ज लिहून न्यायचा असतो. माझ्या लेखी संघटनेचं खरं काम ते. 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, त्यांच्या घरासाठी हा कागद म्हणजेच सगळं होतं.

तपासणीचंही तेच. 23 नोव्हेंबर 2020 ला नववी ते बारावी उघडणार म्हणून शिक्षकांना घाईघाईने आरटीपीसीआरच्या रांगेत उभं केलं. नागपूर शहरात वर्ग भरले 4 जानेवारी 2021 ला. नोव्हेंबरचा निगेटिव्ह अहवाल जानेवारीत काय सांगणार? तारीख पुढे ढकलली त्याच दिवशी नव्या तपासणीचं लेखी वेळापत्रक मागायला हवं होतं.

22 फेब्रुवारीपासून शहरातल्या शाळा पुन्हा बंद. वर्षभरात प्रत्यक्ष वर्ग सात आठवडे, आणि त्यावर परीक्षेविना दहावीचा निकाल. सूत्र असं: नववीचे 50, दहावीच्या वर्षभराच्या लेखी मूल्यमापनाचे 30, तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20. या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिल 2020 मध्ये रद्द झाली होती, म्हणजे 50 गुणांचा भार एकट्या पहिल्या सत्रावर. आणि जो मुलगा फोन नाही म्हणून एकाही ऑनलाइन तासाला आला नाही, त्याचे 30 कुठून आणायचे? गृहपाठ, प्रकल्प, तोंडी, काहीही चालेल असं म्हणणं सोपं होतं, पण प्रत्येक गुणामागे पुरावा ठेवायची जबाबदारी विषय शिक्षकाची. इथे संघटनांनी एक समान नोंद-नमुना करून दिला असता तर शाळाशाळांतली तफावत बरीच कमी झाली असती.

विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांबद्दल सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पगार अर्ध्यावर आले, अनेकांना 'उद्यापासून येऊ नका' एवढंच ऐकवलं. खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 9 प्रमाणे शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, मुदत 30 दिवस. सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. म्हणजे कोविडमध्ये काढलेल्या शिक्षकाचं दार फेब्रुवारी 2022 नंतरही काही काळ उघडं होतं. हे त्यांना सांगायला कोण गेलं? ते कुठल्याच संघटनेचे सभासद नव्हते.

ज्यांच्याकडे त्या वर्षाचे आदेश, मेसेज, ड्युटीच्या याद्या अजून मोबाइलमध्ये आहेत, त्यांनी या आठवड्यात त्यांच्या प्रिंट काढाव्यात. कोविड ड्युटीची नोंद सेवापुस्तकात नसेल तर प्रती जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा आणि पोच घ्यावी. मोबाइल बदलताना मेसेज गेले तर तेवढाही पुरावा उरणार नाही.